मोजणी जुळल्यानंतर

मायाप्पा बिराप्पा याच्या सेवापुस्तकात जन्मतारीख एक जून अठराशे नव्याण्णव अशी नोंदलेली आहे. ती खरी असण्याचा संभव कमी. ज्या मुलाच्या घरी जन्माचे टिपण नसे, त्याला शाळेत नाव घालताना मास्तर एक जून देत आणि वर्ष अंगयष्टी पाहून ठरवत. होटगीच्या शाळेच्या त्या वर्षीच्या पटावर एक जूनला जन्मलेली अकरा मुले आहेत. खात्रीने सांगता येते ते इतकेच, की मायाप्पा शाळेत आला तेव्हा पहिलीच्या मानाने बराच मोठा होता, उजव्या पायाने लंगडत होता, आणि त्याला अक्षर ओळखता येत नसले तरी मोजता उत्तम येत होते.

घराणे मेंढपाळांचे. गाव होटगीच्या दक्षिणेला दोन कोसांवर. पण वर्षातले आठ महिने गाव नावापुरतेच. पीक निघालेल्या रानात मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंडीमुताचे खत शेतकऱ्याला द्यायचे, त्याच्याकडून धान्य घ्यायचे आणि पुढचे रान धरायचे, असा तो क्रम. संध्याकाळी मेखा ठोकून भोवती जाळे ताणायचे. या जाळ्याला वाघूर म्हणतात. वाघुरीला एकच मेंढरू आत जाईल एवढे तोंड ठेवायचे. तोंडाच्या एका बाजूला बाप बिराप्पा उकिडवा बसे, दुसऱ्या बाजूला मायाप्पा. आत जाणाऱ्या प्रत्येक पाठीला हात लावून मायाप्पा मोजायचा; वीस झाले की एक खडा डाव्या हातात घ्यायचा. सकाळी त्याच तोंडातून मेंढरे बाहेर निघत आणि तीच मोजणी उलट्या बाजूने व्हायची. आतली आणि बाहेरची मोजणी जुळली की मुलाचे काम संपे. बाप त्यानंतरही थोडा वेळ मेंढरांतच रेंगाळत असे. का, ते मायाप्पाने कधी पाहिले नाही. तो तोवर भाकरीकडे वळलेला असे.

दहाव्या वर्षाच्या सुमारास तो ओढ्याच्या दरडीवरून पडला आणि गुडघा वाकडा बसला. ज्या धंद्याचा पायाच चालणे, त्यातून तो बाद झाला. थोरला भाऊ धुळाप्पा कळपामागे राहिला आणि धाकट्याला मामाकडे होटगीला ठेवून शाळेत घातले. पुढचा प्रवास त्या पिढीतल्या अनेक शिक्षकांसारखाच आहे: सातवीची व्हर्नाक्युलर फायनल, उमेदवारी, ट्रेनिंगची दोन वर्षे, आणि एकोणीसशे चोवीस साली सोलापुरातल्या एका मराठी शाळेत सहायक शिक्षकाची जागा. सव्विसापासून त्याच्याकडे सातवीचे गणित आले.

या सातवीच्या गणितावर त्याचे नाव झाले. त्याच्या वर्गात कोणतेही उदाहरण उलटे फिरवल्याशिवाय पुरे होत नसे. बेरीज केली की वजाबाकीने मागे यायचे, गुणाकार केला की भागाकाराने, आणि लांबलचक व्याजाचे उदाहरण असले तर शेवटच्या पायरीपासून पहिल्या पायरीपर्यंत बोट ठेवीत वर चढायचे. मुले याला ‘मास्तरांची चढण’ म्हणत. तपासनिसाच्या एका शेऱ्यात ‘गणितात शिस्त विशेष’ असे शब्द आहेत. ही चढण त्याने कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नव्हती. ती वाघुरीच्या तोंडाशी शिकलेली होती. मात्र त्याने हे कधी कोणाला सांगितल्याची आठवण कोणी ठेवलेली नाही, आणि बहुधा त्याच्याही ते ध्यानात नसावे.

अडले ते बीजगणितापाशी. वरच्या वर्गाचे काम कायम ठेवायचे तर खात्याची तिसऱ्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे, आणि तिच्यात बीजगणिताचा एक स्वतंत्र कागद होता. मायाप्पा अठ्ठावीस साली बसला आणि त्या एका कागदात गेला. तीस साली पुन्हा बसला आणि पुन्हा त्याच कागदात गेला. त्या उन्हाळ्यात शहरात लष्करी कायदा होता, अभ्यास झाला नाही असे म्हणायला जागा होती, आणि शाळेतल्या दोघातिघांनी त्याला ते सुचवलेही. त्याने ते कारण पुढे केले नाही. अभ्यास झाला होता. पुस्तकातले प्रत्येक समीकरण त्याने तीन-तीनदा सोडवले होते आणि प्रत्येकावर चढण केली होती.

तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली, तर तालुक्याच्या कडेला एखाद्या एकशिक्षकी शाळेत बदली ठरलेली. तिथे चौथीच्या पुढे वर्गच नसत. त्याची बायको सिद्धम्मा हिला या बदलीत फारसे वाईट दिसत नव्हते.

“जाऊ की,” ती म्हणे. “तितं अंगण तरी मिळंल. हितं दोन खोल्या न् दारात गटार.”

“तितं सातवी न्हाय.”

“सातवी न्हाय तर चौथी शिकवा. पोरं ती पोरंच की.”

सातवीची पोरे आणि चौथीची पोरे यांत मायाप्पाच्या लेखी काय फरक होता, हे तिला पटेल अशा शब्दांत सांगणे त्याला साधले नव्हते. त्याला जे नीट येत होते असे जगात एकच होते, आणि ते सातवीच्या फळ्यावर होते.

खोल्यांच्या त्याच ओळीत तीन दारे सोडून कमलाकर नावाचा तरुण राहत असे. वय सव्वीस, पुण्यात गणित घेऊन बी.ए. झालेला, इथे एका हायस्कुलात नोकरीला. बत्तीस सालच्या श्रावणापासून दर रविवारी सकाळी, गिरणीचा दुसरा भोंगा झाला की मायाप्पा वही घेऊन त्याच्या ओसरीवर जाऊ लागला. मोबदल्याचे काही ठरले नव्हते. हिवाळ्याच्या तोंडाशी धुळाप्पाकडून आलेले एक काळे घोंगडे कमलाकरच्या घरी पोचले, एवढेच.

कमलाकरला शिकवण्यापेक्षा छेडण्यात अधिक रस होता. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी त्याने पाटीवर एक समीकरण लिहिले: क्ष + ६ यांचे वर्गमूळ बरोबर क्ष. “वर्गमूळ म्हणजे धन वर्गमूळ, हे पुस्तकाच्या पहिल्या पानावर दिलंय. सोडवा.”

मायाप्पाने ते सुंदर सोडवले. दोन्ही बाजूंचा वर्ग केला: क्ष + ६ = क्ष². सगळे एका बाजूला आणले, अवयव पाडले, आणि उत्तरे खाली मांडली: क्ष = ३, क्ष = −२. मग त्याने बोट शेवटच्या ओळीवर ठेवले आणि चढण सुरू केली. अवयवांचा गुणाकार केला, मागची ओळ आली. पदे जागच्या जागी नेली, त्याच्या मागची ओळ आली. दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेतले: इकडे क्ष + ६ चे वर्गमूळ, तिकडे क्ष² चे वर्गमूळ म्हणून क्ष. पहिली ओळ आली. त्याने पाटी पुढे केली.

“उत्तरं किती?” कमलाकरने विचारले.

“दोन.”

“दोन्ही खरी?”

“मोजणी जुळली की.”

“कसली मोजणी?”

“खालनं वर गेलो. पायरीला पायरी लागली.”

“मास्तर, पायऱ्या तुम्ही धुऊन पुसून लख्ख केल्यात, त्यात वाद नाही. मी पायऱ्यांचं विचारत नाही. क्ष म्हणजे काय, ते सांगा.”

“अज्ञात राशी.”

“हे पुस्तक बोललं. तुम्ही बोला.”

मायाप्पाने विचार केला. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता. “शेवटी जो डाव्या बाजूला एकटा राहिला पायजे, तो.”

कमलाकर मांडीवर थाप मारून हसला. “म्हणजे भाडेकरू. बाकीच्यांची बोचकी चिन्ह बदलून पलीकडं फेकली की खोली ह्याची.”

ही थट्टा ओळीतल्या भिंतींमधून जायला वेळ लागला नाही. त्या दुपारी सिद्धम्माने ताट वाढताना विचारले, “भाडेकरू घावला का?” आणि पुढे कित्येक दिवस ती क्षला याच नावाने ओळखत राहिली.

पण त्या सकाळी थट्टेनंतर कमलाकरने पाटी परत त्याच्याकडे सरकवली होती. “आता असं करा. पायऱ्या विसरा. वरची एक ओळ ठेवा. तिच्यात क्षच्या जागी तीन घाला.”

तीन आणि सहा नऊ, नऊचे वर्गमूळ तीन, पलीकडे तीन. जुळले.

“आता उणे दोन घाला.”

उणे दोन आणि सहा चार. चारचे वर्गमूळ दोन. पलीकडे उणे दोन. मायाप्पा त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिला.

“कुटं तरी पायरी चुकली आसंल,” तो म्हणाला. वर्गात जपून वापरलेली भाषा अशा वेळी त्याच्या हातून सुटत असे.

“शोधा. पुढच्या रविवारी सांगा.”

तो आठवडा मायाप्पाने चूक शोधण्यात घालवला. त्याची वही उपलब्ध आहे. तिची सात पाने या एका समीकरणाने भरलेली आहेत. तीच पाच ओळींची रीत सात वेळा, दर वेळी शेजारी बारीक अक्षरात प्रत्येक पायरीचे कारण. चूक नाही. सहाव्या पानावर शाईचा मोठा डाग आहे. त्यावरून काही निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पण गेली सहा वर्षे सातवीच्या प्रत्येक मुलाला ज्याने सांगितले होते की पायऱ्या बरोबर असतील तर उत्तर चूक येऊच शकत नाही, त्याच्यासमोर बरोबर पायऱ्यांचे चुकीचे उत्तर सात पाने पडून होते, हे नोंदायला हरकत नाही.

“चूक नाही,” त्याने रविवारी सांगितले.

“नाहीच. वर्ग केलात तेव्हा उणे दोन शिरले. दोनचा वर्ग चार, उणे दोनचाही चार. वर्गाला चिन्ह दिसत नाही. म्हणून वर चढताना क्ष² चं वर्गमूळ तुम्ही डोळे मिटून क्ष लिहिलंत. क्ष उणे असेल तर ते तसं येत नाही.”

“मग पुस्तक वर्ग करा असं का सांगतं?”

“दुसरा रस्ता नाही म्हणून.”

“ज्या रस्त्यानं चोर शिरतो, त्याच रस्त्यानं आपण जायचं?”

“हो. आणि घरात शिरलेल्यांची नंतर झडती घ्यायची.”

मायाप्पाने मान हलवली. त्याला वाक्य कळले होते. कमलाकरने दिलेली पुढची चार समीकरणे त्याने सोडवली, उत्तरे पहिल्या ओळीत घालून पाहिली, आणि खालून वर चढणही केली. घालून पाहणे हा त्याच्या दृष्टीने परीक्षकाचा एक जादा नियम होता, समासात रेघ आखावी तसा. पायऱ्या म्हणजेच सोडवणे, ही समजूत जागची हललेली नव्हती. कमलाकरला हे दिसत होते. त्याने एकदा चिडून म्हटलेही, “मास्तर, तुम्ही औषध घेता, पण आजार मानत नाही.”

दिवाळीच्या सुट्टीत मायाप्पा भावाकडे गेला. होटगीपर्यंत गाडीने आणि पुढे काठी टेकीत. धुळाप्पाचा कळप बाजरी काढलेल्या एका रानात बसला होता. संध्याकाळी वाघुरीच्या तोंडाशी बसायला माणूस कमी होता, तेव्हा मायाप्पा सवयीने बसला. तेवीस-चोवीस वर्षांनी हात पाठीवरून पाठीवर जाऊ लागला आणि अडला नाही.

“चार इसा न् सा,” शेवटचे मेंढरू आत गेल्यावर त्याने सांगितले. शहाऐंशी. कळपाचा आकडा तोच होता.

सकाळी मेंढरे बाहेर निघाली. पुन्हा चार खडे आणि वर सहा. मायाप्पा काठीच्या आधाराने उठला. धुळाप्पा मात्र उठून निघाला तो सरळ मेंढरांत. तो एकेकाची हनुवटी वर करी, कान चाचपी आणि सोडून देई.

“मोजणी जुळली की, अण्णा.”

“जुळू दे की.”

“मग काय बगतुयास?”

“आपली हायत का, ते.”

“शाऐंशी गेली, शाऐंशी आली. आपलीच आसणार.”

धुळाप्पाने पुढच्या मेंढराची हनुवटी वर केली. तो पुढे सरकत राहिला. चाळीसेक मेंढरे पाहून झाल्यावर एका पांढऱ्या मेंढीपाशी थांबला, तिचा डावा कान दोन बोटांत धरला, मग उजवा. “ही बग. आपल्याला डाव्या कानाला दोन खाचा. हिच्या उजव्याला एक. पल्याडच्या वस्तीवरल्या कळपातली हाय. काल वढ्यावर पाणी पाजताना मिसळली.”

“मग आपली एक?”

“तिकडं गेली आसंल. दुपारी बदलून आनू.” त्याने मेंढीच्या गळ्यात दोरी अडकवली. “एक गेली, एक आली. मोजणीला काय कळतंय त्यातलं? तिला डोकी मोजता येत्यात, तोंडं वळकता येत न्हाईत.”

मायाप्पाने तिचा उजवा कान स्वतः चाचपून पाहिला. मग त्याने विचारले, “आबा बी हे करायचा?”

“रोज.”

“मी कसं कदी बगितलं न्हाय?”

“तू कशाला बगशील? मोजणी जुळली की तू भाकरीवर पडायचास.” धुळाप्पा हसला. “मास्तर झालास, तरी आर्दंच शिकून गेलास की रं.”

धुळाप्पाच्या दृष्टीने गोष्ट इथे संपली. त्याला समीकरण या शब्दाशी कर्तव्य नव्हते आणि मायाप्पानेही त्याला ते सांगायचा प्रयत्न केला नाही.

परतीच्या दोन कोसांत मायाप्पाच्या मनात काय घडले, याबद्दल वहीत दीड पान मजकूर आहे. तो गणिताच्या बाजूने लिहिलेला नसून मागून, कोऱ्या पानांवर लिहिलेला आहे. त्यातला पहिला मुद्दा अपेक्षित आहे: उलटी मोजणी ही फक्त मोजणीची परीक्षा घेते, मेंढराची नव्हे, तशी चढण ही फक्त पायऱ्यांची परीक्षा घेते, उत्तराची नव्हे. वर्ग करणे म्हणजे ओढ्यावर पाणी पाजायला नेणे. तिथे जावे तर लागते, आणि तिथेच परके मिसळते.

दुसरा मुद्दा त्याच्या काटेकोर स्वभावाचा आहे. तो लिहितो की ही तुलना पुरी पडत नाही. मेंढराच्या कानावर खूण असते. ते कुठेही सापडले तरी कान पाहून सांगता येते की कोणाचे. संख्येच्या अंगावर खूण नसते. उणे दोन हे उणे दोनच. ते या समीकरणाचे नाही, पण दुसऱ्या एखाद्याचे असू शकेल. तेव्हा संख्येकडे कितीही निरखून पाहिले तरी काही कळणार नाही. तिला समीकरणापाशी न्यावे लागते आणि समीकरणाला विचारावे लागते. खाली वेगळ्या ओळीत लिहिले आहे:

‘समीकरण हा हुकूम नाही. ते एक म्हणणे आहे. कोणत्या संख्यांसाठी ते खरे, तेवढ्या सगळ्या शोधणे आणि एकही परकी न ठेवणे, म्हणजे सोडवणे. पायऱ्या केवळ तिथवर नेतात.’

हे त्याने कमलाकरला दाखवले तेव्हा कमलाकरने ते दोनदा वाचले.

“मेंढरं परीक्षकाला चालणार नाहीत,” तो म्हणाला. “कागदावर काय लिहाल?”

मायाप्पाने लिहून दाखवले: क्ष = ३ घेता दोन्ही बाजू ३. क्ष = −२ घेता डावी बाजू २, उजवी −२; म्हणून हे उत्तर नव्हे. उत्तर फक्त ३.

“ह्यात खोड काढता येत नाही,” कमलाकर म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खोड काढता न आल्याची किंचित खंत होती.

परीक्षा डिसेंबरात झाली. बीजगणिताचा कागद सकाळी होता. एका हायस्कुलाच्या मोठ्या दालनात चाळीसेक शिक्षक बाकांवर बसले होते. त्यांतले बरेच मायाप्पापेक्षा लहान. पहिली चार उदाहरणे त्याने घाई न करता सोडवली. पाचवे असे होते:

क्ष/(क्ष − २) = ३ + २/(क्ष − २)

यात अवघड काही नव्हते. दोन्ही बाजूंना क्ष − २ ने गुणले: क्ष = ३(क्ष − २) + २. कंस सोडवला, पदे हलवली: क्ष = २. भाडेकरू खोलीत एकटा राहिला. तीन ओळींत स्वच्छ पूर्णांक आला म्हणजे उदाहरण बरोबर सुटले, हा त्याचा जुना अनुभव, आणि ते जुने समाधान क्षणभर आलेही.

मग त्याने दोन ही संख्या समीकरणापाशी नेली. छेद शून्य झाला. दोन्ही बाजूंचा.

शून्याने भागायचे नसते, हे तो सातवीला दरवर्षी पहिल्या आठवड्यात सांगत असे. त्याने पायऱ्या पाहिल्या. चूक नव्हती. पुन्हा पाहिल्या. पुढच्या बाकावरच्या शिक्षकाने त्याच उदाहरणाखाली दोन रेघा ओढून पान उलटले होते. उत्तराखाली दोन रेघा कोणी ओढतो, ते उत्तराची खात्री असली म्हणजे. वीस मिनिटे उरली होती. दोन लिहिले, तर परीक्षकाच्या यादीत दोन असल्यास गुण मिळणार होते. ‘उत्तर नाही’ असे लिहिणे हे त्याला कोरा कागद देण्यासारखे वाटत होते. ज्या मुलाच्या पाटीवर उत्तर नसे, त्याला त्याने सहा वर्षांत कधी शाबासकी दिली नव्हती. आणि हा कागद गेला, तर सातवी गेली.

त्याने पायऱ्यांवर हात ठेवला, जणू त्या दिसू नयेत, आणि वरची एकच ओळ वाचली. सोडवायची म्हणून नव्हे, कोणी काही म्हणत असेल तर ते ऐकायचे म्हणून. उजवीकडचे २/(क्ष − २) त्याने मनातल्या मनात डावीकडे नेले. छेद सारखेच होते. डावीकडे राहिले (क्ष − २)/(क्ष − २), उजवीकडे तीन. शून्य सोडून कोणतीही संख्या स्वतःनेच भागली तर एक. म्हणजे हे समीकरण म्हणत होते, एक म्हणजे तीन. क्ष कोणीही असो, हे म्हणणे कधी खरे होणारच नव्हते. दोन हे उत्तर गुणताना मिसळलेले होते. आणि ते काढल्यावर वाघूर रिकामी होती.

त्याने पायऱ्या तशाच राहू दिल्या. खाली लिहिले: ‘क्ष = २ घेता छेद शून्य होतो, म्हणून हे उत्तर नव्हे. मूळ समीकरण एक = तीन असे म्हणते. ते कोणत्याही संख्येसाठी खरे नाही. या समीकरणाला उत्तर नाही.’ आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

बाहेर फाटकाशी कमलाकर सायकल धरून उभा होता. त्याने प्रश्नपत्रिका घेतली आणि एकेका उदाहरणावर नख ठेवीत तोंडी उत्तरे सांगू लागला. पाचव्यापाशी त्याला फार तर पाच सेकंद लागले. “क्ष बरोबर दोन. पुढं.”

“घालून बगा की,” मायाप्पा म्हणाला.

“काय?”

“दोन घालून बगा, कमलाकरराव. वरच्या ओळीत.”

कमलाकरचे नख जागीच राहिले. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. त्याने ओठ हलवले, कागद डोळ्यांजवळ नेला, मग खाली आणला.

“हात्तिच्या,” तो हळू म्हणाला. आणि थोड्या वेळाने: “तुम्ही काय लिहिलंत?”

“उत्तर न्हाय, असं.”

“लिहिलंत तसं? परीक्षेत?”

“व्हय.”

कमलाकरने त्याच्याकडे नीट पाहिले. “मी हायस्कुलात शिकवतो, हे कुणाला सांगू नका,” तो म्हणाला आणि प्रश्नपत्रिका घडी करून परत दिली.

सिद्धम्माने दारातच विचारले, “घावला का भाडेकरू?”

“नव्हताच.”

“आँ?”

“खोलीच रिकामी हुती.”

ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज घेत राहिली. तिला तो लागला नाही. “मंग आता जायाचं का ऱ्हायाचं?” तिने विचारले. त्याला ते ठाऊक नव्हते, आणि पुढचे दोन महिने ठाऊक होणार नव्हते.

पाचवे उदाहरण परीक्षकाने जाणूनबुजून घातले होते की नजरचुकीने तसे पडले, हे ठरवायला साधन नाही. उत्तरपत्रिका ठेवल्या गेल्या नाहीत. निकालात फक्त एकूण गुण असत. तेहेतीस साली फेब्रुवारीत आलेल्या निकालात मायाप्पाला बीजगणितात शंभरांपैकी अडतीस गुण आहेत. उत्तीर्ण व्हायला तेहेतीस लागत. पाचव्या उदाहरणाचे गुण त्यांत धरलेले आहेत की कापलेले, दोन्ही शक्य आहे. मायाप्पाने ते कधी चौकशी करून पाहिले नाही. सेवापुस्तकात त्या महिन्यात दोन नोंदी आहेत: परीक्षा उत्तीर्ण, आणि वरच्या वर्गांचे काम कायम.

सिद्धम्माला अंगण मिळाले नाही. याबद्दलची तिची तक्रार पुढे बरीच वर्षे चालू राहिली.

त्या वर्षी सातवीत असलेल्या एका विद्यार्थ्याची गणिताची वही योगायोगाने शिल्लक आहे. जानेवारीपर्यंत तिच्यात प्रत्येक उदाहरणाच्या उजव्या समासात खालून वर जाणारा बाण आहे. ती मास्तरांची चढण. मार्चपासून बाण आहेतच. पण त्यांच्याखाली दर वेळी एक ओळ वाढलेली आहे. हौद भरण्याच्या उदाहरणाखाली ती अशी आहे: ‘दोन्ही नळ चार तास सोडून पाहिले. हौद भरला.’ आणि पान उलटल्यावर, मजुरांच्या एका उदाहरणाखाली, खोडून पुन्हा लिहिलेल्या अक्षरांत: ‘उत्तर साडेतीन मजूर येते. पायऱ्या बरोबर आहेत. मास्तर म्हणाले, मजुरांना विचार.’